उरलेले नऊ सेकंद

तराजूकाका जिवंत आहेत याबद्दल आमच्या गल्लीत कुणालाही शंका नव्हती. उलट काही दुकानदारांना त्याचा थोडा त्रासच होता. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर माणूस निवृत्त होतो, त्याची नजर होत नाही. काका दुकानात शिरले की वाणी आधी तराजू पुसायचा आणि मग नमस्कार करायचा. त्यामुळे 'आपण हयात असल्याचे सिद्ध करावे' असं पत्र निवृत्तिवेतन कार्यालयाकडून आलं, तेव्हा ते काकांच्या मनाला फार लागलं. पूर्वी वर्षातून एकदा खिडकीसमोर जाऊन उभं राहिलं की भागायचं. खिडकीतल्या बाई मान वर करून बघायच्या आणि शिक्का मारायच्या. आता ती पद्धत बंद झाली होती. आता व्हिडिओ पाठवायचा.

पत्राला अटी जोडल्या होत्या. चित्रफीत वीस सेकंदांची असावी. अर्जदाराने त्या दिवशीचं वर्तमानपत्र छातीशी धरावं. किमान दोन वेळा डोळ्यांची उघडझाप करावी. अर्जदाराखेरीज अन्य कोणतीही व्यक्ती चित्रफितीत दिसू नये. आणि पुढील मजकूर अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने म्हणावा: 'मी, क्रमांक चार शून्य सात सात एक नऊ, आजमितीस हयात असून, सदर हयाती मी स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता जाहीर करीत आहे.' तसं न झाल्यास अर्जदार हयात नसल्याचं गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. पुढील कार्यवाही म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं, म्हणून काका जास्तच घाबरले.

"यात एवढं काय आहे?" काकू म्हणाल्या. "उभे राहा, बोला आणि मोकळे व्हा. फक्त मला हॉलमधून जायला-यायला वाट ठेवा. आज चादरी धुवायला काढल्यात."

हे वाक्य काकांनी ऐकलं. पण ऐकायची वाक्यं आणि ध्यानात ठेवायची वाक्यं असे त्यांच्या डोक्यात लग्नापासून दोन कप्पे होते, आणि काकूंची बहुतेक वाक्यं पहिल्या कप्प्यात जाऊन पडत.

शूटिंगला मदत करायला शेजारचे हेडमास्तर आले. तेही निवृत्त. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गल्लीत कुणी मोठ्याने वाचतंय असा संशय आला की ते आपोआप हजर होत. त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले, त्यावर मोबाईल टेकवला आणि काकांना काचेच्या कपाटाच्या बाजूला उभं केलं. वर्तमानपत्र छातीशी धरून काका उभे राहिले तेव्हा ते पळवून नेलेल्या माणसासारखे दिसत होते. हेडमास्तरांनी तसं बोलूनही दाखवलं.

पहिल्या वेळी तेवीस सेकंद लागले. दुसऱ्या वेळी सतरा, कारण 'दडपणाखाली' हा शब्दच गळाला. तिसऱ्या वेळी तो शब्द आला, पण काकांच्या चेहऱ्यावर खरोखरच दडपण दिसतंय असा आक्षेप हेडमास्तरांनी घेतला. चौथ्या वेळी उघडझाप मोजण्याच्या नादात काका स्वतःचा क्रमांक विसरले. सहाव्या वेळी वर्तमानपत्र उलटं निघालं. आठव्या वेळी हेडमास्तरांनी मधेच "शाबास!" म्हटलं आणि ते व्हिडिओत गेलं. "कुणी बोलत असताना मधे बोलू नये," असं काकांनी त्यांना सुनावलं. एका हेडमास्तरांना हे ऐकावं लागणं म्हणजे काय, याचा विचार काकांनी केला नाही. हेडमास्तरांनी ओठ मिटले ते मिटलेच.

अकराव्या वेळी सगळं जमलं. आवाज खणखणीत, क्रमांक बरोबर, दोन स्वच्छ उघडझापा, आणि वेळ वीस सेकंद. साडेएकोणीस नाही आणि सव्वावीसही नाही. काकांनी स्टॉपवॉच पाहिलं आणि त्यांना भरून आलं. नोकरीत त्यांनी हजारो मापं तपासली, पण इतकं चोख भरलेलं माप त्यांच्या हातून प्रथमच होत होतं.

मग त्यांनी व्हिडिओ बघितला. अकराव्या सेकंदाला उजवीकडून काकू आल्या होत्या. अंगात फुलाफुलांचा गाऊन, हातात ओल्या चादरींनी भरलेली लाल बादली. बाथरूमकडून गॅलरीकडे निघालेल्या काकू काकांच्या मागे क्षणभर थांबल्या, त्यांच्या पाठीकडे बघून मान हलवली आणि पुढे गेल्या.

"तुम्हाला दिसलं नाही?" काका हेडमास्तरांवर ओरडले.

"दिसलं की," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही बोलत होता. मधे बोलू नये."

आता कुणीही शहाणा माणूस बाराव्यांदा उभा राहिला असता. पण काकांच्या मते बरोबर भरलेलं माप ओतून टाकणं हा गुन्हा होता. शिवाय घसा बसला होता. हेडमास्तरांचं मत पडलं की पुन्हा तो भाव येणार नाही. शेवटी असं ठरलं की व्हिडिओ तसाच ठेवायचा आणि काकूंना काढायचं. हे काकूंना सांगायची गरज दोघांनाही वाटली नाही. एवढ्यातेवढ्यासाठी बाईमाणसाला कशाला त्रास द्यायचा, असा त्यांचा उदात्त विचार होता.

कोपऱ्यावर शिंप्याच्या वर शूटिंगवाल्याचा स्टुडिओ होता. लग्नाच्या व्हिडिओतून झिंगलेले मामा आणि रुसलेल्या आत्या काढून टाकण्यात त्याचा हातखंडा होता.

"काका, परत शूट करा ना," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"वीस सेकंद बरोबर भरलेत. ते मोडायचे नाहीत."

"बरं. मग असं करायचं. काकूंच्या मागची जी भिंत आहे, तशीच भिंत शेजारून उचलायची आणि काकूंवर चिकटवायची. पण काकू चालतायत. म्हणजे भिंतीचा तुकडाही त्यांच्याबरोबर चालला पाहिजे. त्यासाठी एक खूण पकडायची, की बाबा, ही जाईल तिकडे तू जा. याला ट्रॅकिंग म्हणतात."

"आणि खूण कुठली?"

"ही लाल बादली. एवढी ठळक गोष्ट दुसरी नाही."

काकांना हे पटलं. तासाभराने पडद्यावर काकू खरोखरच नाहीशा झाल्या. राहिली ती बादली. ती उजवीकडून एकटीच गुडघ्याएवढ्या उंचीवरून झुलत झुलत आली, काकांच्या मागे थांबली, विचार केल्यासारखी जरा हलली आणि गॅलरीकडे निघून गेली. हयात असल्याचं सांगणाऱ्या माणसाच्या मागे असं काही दिसणं बरं नव्हे, एवढं काकांनाही कळलं.

"हिलाही काढ," ते म्हणाले.

बादली काढताना घोटाळा झाला. बादली काकांच्या पाठीमागे गेली तेव्हा खुणेला ती दिसेना. खूण बिचारी गांगरली. तिने आसपास तितकीच लाल दुसरी गोष्ट शोधली आणि घसा बसेपर्यंत अकरा वेळा एकच वाक्य म्हटल्यामुळे लालबुंद झालेलं काकांचं तोंड तिला सापडलं. तिथून पुढे भिंतीचा तुकडा काकांच्या तोंडावर बसला. अकरा सेकंद काकांना डोकं होतं. उरलेले नऊ सेकंद मानेवर फक्त फिकट निळी भिंत आणि एक खिळा होता, आणि तो खिळा खणखणीत आवाजात सांगत होता की आपण कोणाच्याही दडपणाखाली नाही.

"आवाज माझाच आहे ना?" काका म्हणाले.

"आवाजाला हात लावलेला नाही काका. घाबरू नका, तोंड परत बसवून देतो. सुरुवातीच्या सेकंदांतलं उचलतो आणि इथे ठेवतो. तुमचंच तोंड तुम्हालाच."

अशा रीतीने काकांचं तोंड काकांवर बसलं. ते तोंड 'चार शून्य सात' म्हणत होतं आणि आवाज 'स्वखुशीने' म्हणत होता. उघडझापा चार झाल्या. "दोन मागितल्या, चार दिल्या, त्यांना आनंदच होईल," शूटिंगवाला म्हणाला. काकांनी पुन्हा स्टॉपवॉच लावलं. बरोबर वीस. एवढं एक बघितल्यावर त्यांना बाकीचं काही दिसलं नाही, आणि व्हिडिओ रवाना झाला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ते नेमकं काकूंच्या हाती पडलं. काका दाढी करत होते. काकूंनी दारात उभं राहून ते मोठ्याने वाचलं.

"'सदर चित्रफितीवरून अर्जदाराची हयाती फक्त अकराव्या सेकंदापर्यंत सिद्ध होते. उरलेल्या नऊ सेकंदांत अर्जदाराचे काय झाले, याचा समाधानकारक पुरावा आढळत नाही. तसेच चित्रफितीत डावीकडील कपाटाच्या काचेमध्ये एक अनोळखी स्त्री बादली घेऊन जाताना दिसते. प्रत्यक्ष खोलीत मात्र ती दिसत नाही. या अनोळखी स्त्रीबाबत खुलासा करावा.'"

काचेतलं प्रतिबिंब काढायचं राहून गेलं होतं.

काकूंनी पत्राची घडी घातली. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"अनोळखी स्त्री," काकू म्हणाल्या.

"अगं, ते ऑफिसने लिहिलंय. त्यांना काय माहीत?"

"त्यांना माहीत नाही ते ठीक आहे. पण काढलं कुणी मला?"

"नियम होता. दुसरी व्यक्ती दिसता कामा नये."

"मग थांबायचं होतं. 'अगं, जरा थांब, मी परत बोलतो' म्हणायचं होतं. वीस सेकंदांचं काम होतं ना? तेवढ्यासाठी मला पुसून टाकलंत?"

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि त्या दिवसापासून घरात विचित्र प्रकार सुरू झाला. काकू घरातच होत्या. चहा वेळेवर होत होता, पण कप एकच, काकांचा. काकांनी "मीठ कुठे आहे?" विचारलं तर उत्तर येत नसे. एकदा काकांनी फारच आर्जव केलं तेव्हा काकू भिंतीकडे बघून म्हणाल्या, "मी इथे नाहीच आहे." त्यानंतर त्या हॉलमधूनही जाईनाशा झाल्या. गॅलरीत जायचं असेल तर आतल्या खोलीतून, पलंग ओलांडून, खिडकीजवळच्या अरुंद दारातून बादली नेत. ते दार इतकं अरुंद होतं की बादली दर वेळी आपटायची. तो आवाज ऐकत काका वर्तमानपत्र धरून हॉलमध्ये बसून राहत. हॉलमध्ये आता त्यांच्याखेरीज अन्य कोणतीही व्यक्ती दिसत नव्हती.

हेडमास्तरांनी लेखी माफी मागायचा सल्ला दिला. काका लिहायला बसले, पण सरकारी नोकरीत गेलेला हात दुसरं काही लिहीना. 'आपणास अनवधानाने वगळण्यात आल्याबद्दल अधोहस्ताक्षरीत यांस खेद होत असून, यापुढे अशी बाब घडणार नाही याची दक्षता घेण्यात येईल.' हा कागद त्यांनी साखरेच्या डब्यावर ठेवला. संध्याकाळी तो त्यांना उशीवर मिळाला. वर काकूंच्या अक्षरात शेरा होता: 'मोघम. पुन्हा सादर करावे.'

शेवटी काका कार्यालयात गेले. खिडकीत त्याच बाई होत्या, ज्यांनी सहा वर्षं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं होतं. आता त्यांनी मान खाली घालून फाईल पाहिली.

"अकराव्या सेकंदानंतर तुम्ही नाही आहात," त्या म्हणाल्या.

"अहो, मी तुमच्या समोर उभा आहे!"

"समोर उभं राहण्याची सोय बंद झाली, म्हणून तर व्हिडिओ आला ना काका? आता असं करा. 'उर्वरित हयाती'चा अर्ज भरा. त्याला एक साक्षीदार लागेल. त्या नऊ सेकंदांत तुम्हाला जिवंत पाहिलेला."

"शेजारचे हेडमास्तर होते. मोबाईलच्या मागे."

"मागे असलेले दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणजे नव्हते." बाईंनी फाईलवर बोट ठेवलं. "व्हिडिओत तुमच्याखेरीज एकच माणूस आहे. ही काचेतली अनोळखी स्त्री. तिला घेऊन या. ती सांगेल तसं."

सोबत आलेले हेडमास्तर बाकावरून हे ऐकत होते. आपण नव्हतो हे कळल्यावर ते काकांची वाट न बघता घरी निघून गेले.

काका एकटेच चालत परत आले. चौतीस वर्षं लोकांनी त्यांच्यापुढे खरेपणा सिद्ध केला होता. आता आपण आहोत की नाही हे एका माणसाच्या तोंडून यायचं होतं, आणि त्या माणसाशी त्यांचं बोलणं बंद होतं. काकांना खरोखर भीती वाटली. बाईंनी शिक्का मारला नाही तर काय होईल याची नव्हे. काकू 'मी यांना पाहिलंच नाही' म्हणाल्या तर पुढे बोलायला आपल्याकडे काही नाही, याची.

घरी आले तेव्हा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला लाल बादली ठेवलेली होती आणि काकू टेकून दम खात होत्या. काकांनी पुढे होऊन बादली उचलली. उचलली आणि तसेच उभे राहिले. हाताने वजन सांगण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात कुणी नव्हता.

"साडेअकरा किलो आहे," ते म्हणाले.

काकू ओले हात गाऊनला पुसत राहिल्या.

"रोज एवढी असते?"

"चादरी असल्या की." आठ दिवसांत काकूंनी दिलेलं हे पहिलं उत्तर होतं.

"मी जगभरच्या गोण्या तोलल्या आणि माझ्या पाठीमागून रोज काय जातंय ते कधी बघितलं नाही. चुकलं माझं. तुला काढायला नको होतं." काकांनी बादलीकडे बघितलं. "आणि आता तू सांगितल्याशिवाय मी नाही असं ऑफिसचं म्हणणं आहे."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "ती बादली आधी खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "कंबर धरेल. उद्या किती वाजता उघडतं ऑफिस?"

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी कोरा फॉर्म पुढे ओढला. "आपण कोण?"

"अनोळखी स्त्री," काकू म्हणाल्या.

"अर्जदाराला ओळखता?"

काकूंनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काकांनी श्वास रोखला. आपण दुकानात काटा स्थिर व्हायची वाट बघायचो तेव्हा समोरच्या वाण्याला काय होत असेल, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"पाठीकडून ओळखते," काकू म्हणाल्या. "समोरून बघायचा योग कमी येतो."

"अकराव्या सेकंदापासून पुढे ते हयात होते?"

"त्यांचा शर्ट मागून बाहेर आला होता. मी मनात म्हटलं, अशा अवतारात हा माणूस सरकारला तोंड दाखवणार का? मेलेल्या माणसाबद्दल असं कुणी म्हणत नाही."

बाईंनी लिहून घेतलं: 'शर्ट बाहेर. हयात.' मग म्हणाल्या, "आता नवा व्हिडिओ पाठवा. साक्षीदारासह. आणि बादलीसुद्धा दिसू दे, म्हणजे ती हीच स्त्री हे पटेल."

बारावं शूटिंग संध्याकाळी झालं. हेडमास्तरांना समजावून आणावं लागलं. या वेळी मी मोबाईलच्या पुढे उभा राहणार, असं त्यांचं म्हणणं होतं. शूटिंगवाला स्वतः कॅमेरा घेऊन आला होता, म्हणून त्यांना निदान कपाटाच्या काचेत दिसतील असं उभं करून त्यांची समजूत काढली. काकू काकांच्या मागे नाही, शेजारी उभ्या राहिल्या. वर्तमानपत्र त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि भरलेली बादली काकांच्या हातात दिली.

काका बोलू लागले. साडेअकरा किलो हातात धरून हयाती जाहीर करणं सोपं नव्हतं. "मी, क्रमांक चार शून्य सात सात," इथे त्यांना धाप लागली आणि पुढचे आकडे उडून गेले. काकू समोर बघतच म्हणाल्या, "एक नऊ." काकांनी "एक नऊ" म्हटलं, बादलीचा हात बदलला आणि राहिलेलं वाक्य कसंबसं पुरं केलं.

"सव्वीस सेकंद!" हेडमास्तर काचेतून ओरडले.

"टेन्शन नको काका," शूटिंगवाला म्हणाला. "वरचे सहा कापतो. काकूंचं मधलं बोलणं उडवतो. आणि बादलीमुळे तुमचा खांदा वाकडा दिसतोय, तो पण सरळ…"

"खबरदार!" काकांनी बादली हातात असतानाच दटावलं. "कशालाही हात लावायचा नाही. कमी भरलं तर गुन्हा होतो. जास्त भरलं म्हणून मी चौतीस वर्षांत एकाही माणसाला पकडलेलं नाही."

काकूंनी मागून त्यांचा शर्ट आत खोचला आणि बादली गॅलरीत न्यायला सांगितली. काका हॉलमधूनच गेले.

पंधरा दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. अर्जदाराची हयाती मान्य करण्यात येत होती, वरच्या सहा सेकंदांसह. कपाटाच्या काचेत हात हलवणाऱ्या इसमाकडे दुर्लक्ष करण्यात येत होतं. फक्त एक किरकोळ बाब राहिली होती. आधीच्या चित्रफितीत लाल बादली स्त्रीच्या हाती आहे आणि नंतरच्या चित्रफितीत अर्जदाराच्या हाती, तरी ती नेमकी कोणाची याचा खुलासा करावा.

काकांनी तिथल्या तिथे कागद घेतला आणि लिहिलं, 'दोघांची.' काकूंनी तो खुलासा दोनदा वाचला, "बघू, किती दिवस टिकतं," म्हणाल्या आणि खाली सही केली.